मण्यार की कवड्या? पेरणीच्या दिवसांत घराभोवतीचे साप ओळखताना

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की बिळांत आणि बांधाच्या दगडांत पाणी शिरते. साप मग कोरडी जागा शोधत गोठ्याकडे, कडब्याच्या गंजीकडे, घराच्या जोत्याकडे सरकतात. बेडूक वाढलेले असतात, धान्याच्या पोत्यांमागे उंदीर असतातच. घोणशीची पिल्ले आणि नागाची अंड्यातून बाहेर पडणारी पिल्लेही याच सुमारास दिसू लागतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. त्यांतले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले होते, आणि बहुतेक खेड्यांतले.

आपल्याकडे घराभोवती माणसाच्या जिवावर उठतील असे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. सह्याद्रीच्या झाडीत हिरवा चापडाही विषारी आहे, पण घरात त्याची गाठ क्वचितच पडते. बाकी धामण, दिवड, कवड्या, तस्कर, नानेटी, मांडूळ, अजगर हे सारे बिनविषारी आहेत. पण काठी पडते ती बहुधा यांच्यावरच, कारण माणसांना जास्त वेळा दिसतात तेच. ओळख हवी ती एवढ्यासाठी की निरुपद्रवी साप जिवंत राहावा आणि विषारी सापापासून आपण लांब राहावे. साप चावल्यावर मात्र ओळखीच्या भरवशावर घरी थांबायचे नाही. त्याविषयी पुढे.

‘त्रिकोणी डोके म्हणजे विषारी’ हा गावोगावचा नियम आधी मनातून काढून टाका. तो घोणशीला लागू पडतो, पण मण्यार आणि नागाला नाही. उलट बिनविषारी दिवड डिवचली की डोके-मान चपटी करते. दोन दात उमटले तरच विषारी, ही खूणही तितकीच फसवी आहे. रंगावर तर अजिबात जाऊ नका. साप ओळखावा तो जोडीने, म्हणजे कोणता साप कोणासारखा दिसतो हे ध्यानात ठेवून.

सगळ्यात घातक गफलत मण्यार आणि कवड्याची. दोन्ही निशाचर, दोन्हींच्या अंगावर आडवे पट्टे. मण्यार निळसर काळी आणि चकचकीत असते. तिचे पांढरे पट्टे बारीक आणि बहुतेकदा जोडीजोडीने असतात, डोक्यापासून बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. पाठीच्या मधोमध षटकोनी, इतरांपेक्षा मोठ्या खवल्यांची ओळ असते. कवड्या तपकिरी, लहानखुरा. त्याचे पट्टे पांढरट-पिवळसर, मानेपाशी रुंद आणि शेपटीकडे पुसट. पालींच्या मागे तो खडबडीत भिंतीवर, खिडकीवर सहज चढतो. तरीही मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे पुढेही असू शकतात आणि एखाद्या मोठ्या मण्यारीवर ते जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून अंधारात, बॅटरीच्या उजेडात पाहिलेल्या पट्टेरी सापाला कवड्या समजून हात लावू नये.

घोणस अंगाने जाड असते. पाठीवर कडेला काळी रेघ असलेल्या तपकिरी लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, साखळी ओवल्यासारख्या सारख्या अंतरावर. चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते. अजगराच्या पिल्लावर ठिपके असतात, पण वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही. डुरक्या घोणस हे नाव ऐकून दचकू नका. तो आखूड, खरखरीत, बोथट शेपटीचा बिनविषारी साप आहे. घोणशीजवळ जाऊन ठिपके मोजत बसायचे मात्र नाही, तिची झेप अतिशय चपळ असते.

कोकणातल्या वाचकांना फुरसे सांगायला नको. कातळसड्यावर, चिऱ्यांच्या ढिगात, आंबा-काजूच्या पालापाचोळ्यात ते असते. वीतभर-दीडवीत, फार तर हातभर लांब, पण विषारी. डोक्यावर बाणासारखी पांढरट खूण असते. धोका वाटला की ते वेटोळे करून खवले एकमेकांवर घासते आणि खरखर आवाज काढते. त्याच्याशी घोळ होतो तो मांजऱ्याचा. मांजऱ्या लांब, सडपातळ, मोठ्या डोळ्यांचा आणि झाडाझुडपांवर वावरणारा. त्याचे विष सौम्य असून माणसाला त्यापासून धोका नसतो.

नाग फणा काढेल तेव्हा ओळखू, असे म्हणून चालत नाही. डिवचल्याशिवाय तो बहुधा फणा काढतच नाही, आणि फण्यावरची दहाच्या आकड्यासारखी खूण प्रत्येक नागावर नसते. धामण त्याच्याहून लांब, मोठ्या गोल डोळ्यांची, आणि तिच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात. माणूस दिसला की बहुतेकदा ती भराभर निघून जाते. दिवड, म्हणजे विरोळा, भातखाचरात आणि विहिरीवर आढळतो. अंगावर चौकटी, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा. तो पटकन चावतो, पण त्याला विष नसते.

धामणीविषयी मनापासून सांगावेसे वाटते. ती म्हशीचे दूध पिते, शेपटीने मारते, ती नागाची मादी असते, यातले काहीही खरे नाही. सापाच्या तोंडाची ठेवणच चोखून दूध पिण्याजोगी नाही. ती खाते उंदीर, आणि बिळात शिरून पिल्लांसकट खाते. उसात, भुईमुगात, गव्हाच्या कोठीत उंदरांचे नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याने धामण मारावी, याचे फार वाईट वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप मारणे हा गुन्हाही आहे. घरात साप आला तर मुलांना, जनावरांना दूर करा, लांबून त्याच्यावर नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

या पंधरवड्यात करायची कामे साधी आहेत. सरपण, गोवऱ्या, विटा घराच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. जोत्याची भोके बुजवा, मोरीला जाळी बसवा. कोंबड्यांचे खुराडे झोपण्याच्या खोलीपासून दूर न्या. रात्री मोटार चालू करायला जाताना बॅटरी, गमबूट आणि हातात काठी हवीच. कडबा, पेंढी उचलण्याआधी काठीने हलवून पाहा. आणि जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री अंथरुणात शिरते. खाटेवर झोपून मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली, तर या एका सवयीने मोठा धोका टळतो.

मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, दात उमटलेले दिसतही नाहीत. मध्यरात्री किंवा पहाटे कोणी पोटात दुखते, घसा धरला, पापण्या जड झाल्या म्हणून उठले, तर अपचन समजून ओवा देत बसू नका. मण्यार चावली असेच धरून दवाखाना गाठा. कोणताही साप चावला तरी कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका, १०८ ला फोन करा. साप पकडून दवाखान्यात न्यायची गरज नाही. आपल्याकडची लस चारही सापांच्या विषावर चालते, आणि ती द्यायची की नाही हे डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटांत गोठते का, हेही पाहतात. साप बिनविषारीच होता अशी खात्री असली तरी जा. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

दवाखान्याची सगळी कागदपत्रे जपून ठेवा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाचाही समावेश आहे. मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी.