समुद्रकिनारी गाताना

प्रश्न : आम्ही नवरा-बायको हौशी गायक. शनिवार-रविवार अलिबागला जातोय. शनिवारी संध्याकाळी तिथे एका वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी किनाऱ्यावर उघड्यावर गायचंय. काय काळजी घ्यावी?

उत्तर : गळ्याची चिंता कमी करा, तबल्याची जास्त! दमट हवेत पुडी ओलावा धरते, सैल पडते आणि सूर उतरतो. खोलीत लावलेला तबला वाळूवर आणला की तासाभरात बेसूर. म्हणून तो मंचावरच लावा, हातोडी जवळ ठेवा, दोन गाण्यांमध्ये वर कापड टाका. हार्मोनियमचा सूर त्या मानाने स्थिर, तोच आधार धरा.

संध्याकाळी वारा बहुधा समुद्राकडून येतो. मंचाची पाठ समुद्राकडे ठेवा. वारा थेट माईकवर आदळत नाही आणि आवाज श्रोत्यांकडे वाहतो. माईकला फोमची टोपी हवीच. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, तेव्हा भैरवी साडेनऊलाच घ्या.

आणि दुपारभर लाटांत ओरडत खेळू नका. ते रविवारी. मासळीही तेव्हाच चापा!