दिवा राहू द्या, गीझर बघा!

"लाईट बंद कर, बिल काय तुझा काका भरणार?" हे वाक्य घरी ऐकलेलं नाही असा एकही प्राणी आपल्या हॉस्टेलवर सापडणार नाही. हॉस्टेलवर बिल आपल्याला दिसतच नाही, त्यामुळे आपण निर्धास्त! पण थर्ड इयरला चौघांनी मिळून फ्लॅट घेतला की पहिल्याच महिन्यात बिलावरून भांडणं सुरू होतात. आणि आपली फी भरताना घरी कुठून कुठून पैसे काढले जातात, ते तर आपण बघतोच. म्हणून यंदा घरखर्चातल्या बचतीवर लिहायचं ठरवलं. सगळं फर्स्ट इयरच्या फिजिक्सवर भागतं, घाबरू नका. (मी पडले कॉन्व्हेंटची. 'एकोणऐंशी' म्हणजे सेव्हन्टी नाईन की एटी नाईन, हे मला अजूनही बोटांवर मोजावं लागतं. त्यामुळे आकडे सोपेच घेतले आहेत.)

१००० वॅटची वस्तू १ तास चालली की १ युनिट वीज जळते. ९ वॅटचा एलईडी बल्ब एक युनिट संपवायला १११ तास घेतो. २००० वॅटचा गीझर तेच काम अर्ध्या तासात उरकतो.

आता आंघोळीची बादली घेऊ. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे १५ गुणिले २० गुणिले ४.२, बरोबर १२६० किलोज्यूल. एका युनिटमध्ये ३६०० किलोज्यूल असतात, तेव्हा एका बादलीला ०.३५ युनिट लागला. तेवढ्या विजेवर आपला एलईडी बल्ब जवळजवळ ३९ तास चालेल! घरात चार माणसं असली तर महिन्याला ४२ युनिट नुसते आंघोळीत जातात.

माझी धाकटी बहीण दहावीला होती तेव्हा बाबा रात्री साडेदहाला तिच्या खोलीतला दिवा बंद करायला लावायचे. आई संध्याकाळी सात वाजेपर्यंत स्वयंपाकघरात अंधारातच भाजी निवडत बसायची. आणि सकाळी गीझर मात्र सहा ते नऊ चालू, कारण कोण कधी आंघोळीला जाईल याचा नेम नाही. सुट्टीत घरी गेले तेव्हा वरचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. बहिणीने रोज एक तास जास्त अभ्यास केला तर महिन्याला ३० तास होतात, म्हणजे ०.२७ युनिट. एका बादलीपेक्षाही कमी! बाबा कागद बराच वेळ बघत बसले, बोलले काहीच नाहीत. पण त्या दिवसापासून दिव्यावरून ओरडणं बंद झालं.

मग गीझरचं काय करायचं? सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरकायच्या आणि शेवटची बादली भरत आली की बटण बंद. टाकीवाला गीझर चालू राहिला तर टाकीतून बाहेर जाणारी उष्णता भरून काढायला तो पुन्हा पुन्हा वीज खातो, आणि पाणी जितकं जास्त गरम तितकी ही गळती जास्त. ४५ ऐवजी ४० अंशांच्या पाण्याने आंघोळ केली तर वरच्या हिशेबात पाव वीज वाचते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपोआप तापलेलं असतं, तरी सवयीने गीझर लावणारे महाभाग मी पाहिले आहेत.

गॅसचंही असंच. पाण्याला एकदा उकळी फुटली की आच कितीही मोठी केली तरी उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, नुसती वाफ जास्त होते. बटाटे उकळी आल्यावर बारीक आचेवर तेवढ्याच वेळात शिजतात. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी आली की आच बारीक करायची. डाळ आधी भिजवली तर अजून चांगलं, हे आपल्या आज्यांना फिजिक्सशिवाय माहीत होतं.

पाणी गॅसवर तापवणं स्वस्त की विजेवर? घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. शेगडीची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर त्यातून साधारण १२० युनिटांएवढी उष्णता पातेल्यापर्यंत पोचते. म्हणून सिलेंडरच्या किमतीला १२० ने भागा. उत्तर तुमच्या एका युनिटच्या दरापेक्षा कमी आलं तर गॅस स्वस्त.

पण तुमचा दर कुठला धरायचा? इथेच बरेच जण फसतात. महावितरणच्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे अजून महाग असे टप्पे असतात. "१०० च्या वर एक युनिट गेला की सगळं बिल महागतं" असं लोक म्हणतात, ते खरं नाही. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. म्हणजे वाचवलेला युनिट नेहमी सगळ्यात महाग टप्प्यातला असतो, आणि बिलाची सरासरी काढून चालत नाही. एकाच टप्प्यातली दोन बिलं घ्या. रुपयांतल्या फरकाला युनिटांतल्या फरकाने भागलं की तुमचा खरा दर मिळतो. मधल्या काळात दरवाढ झाली नसेल हे मात्र बघा.

शेवटी एक प्रॅक्टिकल, जर्नल न लिहिता करता येण्यासारखं! इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी ३२०० इम्प असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एक मिनिट मोजा, ६० ने गुणा, ३२०० ने भागा. मिनिटाला ३२ वेळा लुकलुकला तर घरात त्या क्षणी ६०० वॅट चालू आहेत. एकेक बटण बंद करत मोजलं की घरातला खादाड कोण ते कळतं. फ्रिज, इन्व्हर्टर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स अशा सगळ्यांचे प्लग काढूनही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरमनला बोलवा. एकतर वायरिंगमध्ये गळती आहे, नाहीतर तुमच्या मीटरवर दुसऱ्याच कुणाचं तरी घर उजळतंय.