हृदयाचा भार हलका करणारे स्नायू

"डॉक्टर, हृदयविकाराचा झटका आल्यापासून वर्षभर मी पाण्याची कळशीही उचलली नाही," एक निवृत्त गुरुजी मला अभिमानाने म्हणाले. मी म्हटले, "गुरुजी, इथेच चुकते आहे!"

नाडीचे ठोके गुणिले वरचा रक्तदाब, हा हृदयावरील भाराचा ढोबळ हिशेब. ७० गुणिले १२० म्हणजे ८४००. स्नायू दुबळे झाले की तीच कळशी उचलताना दोन्ही आकडे अधिक चढतात. स्नायू बळकट असले तर कमी.

म्हणून तपासणी करून, डॉक्टरांच्या संमतीनेच, चालण्याला आठवड्यातून दोनदा हलक्या वजनांच्या व्यायामाची जोड द्यावी. श्वास कोंडू नये. रक्तदाब एकदम चढतो. छातीत दुखल्यास तत्काळ थांबावे व विनाविलंब दवाखाना गाठावा.

गुरुजींनी तपासणीनंतर अर्ध्या तांब्यापासून सुरुवात केली आहे.