हँडब्रेक : आधी शू, मग केबल

आपल्या ऑटोमोबाइल क्लबमधल्या जुन्या मारुती ८०० चा हँडब्रेक या सत्रात अकराव्या टकटकीपर्यंत वर येऊ लागला. चाचणीच्या दिवशी मी विचारले, “आता काय करायचं?” बहुतेकांचे उत्तर एकच आले : “सर, केबल आवळू या.” हे उत्तर चुकीचे का, आणि बरोबर काम कोणत्या क्रमाने करायचे, हाच या वेळचा पाठ.

आधी थोडे गणित. ही गाडी सुमारे ६५० किलोची. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ती उभी केली, तर तिला खाली ओढणारा जोर सुमारे १२७ किलो वजनाइतका असतो. पायाचा ब्रेक माणूस गाडीत असेपर्यंतच कामाचा. माणूस उतरल्यावर हा सगळा भार एक तार आणि मागच्या दोन ड्रममधले शू पेलतात, तेही रात्रभर. उताराच्या तळाशी मुले खेळत असतील, तर या तारेवर काय अवलंबून आहे हे सांगायला नको. म्हणूनच मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२६ सांगते की सार्वजनिक जागी चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसेल, तर इंजिन बंद हवे आणि ब्रेक लावून किंवा तसा दुसरा उपाय करून चालकाच्या गैरहजेरीत गाडी चुकूनही हलणार नाही याची खात्री केलेली हवी.

आता यंत्रणा पाहू. लिव्हर ओढला की केबल ताणली जाते. केबल ड्रममधला छोटा दांडा ओढते आणि तो दोन्ही शू ड्रमवर दाबतो. लायनर झिजले की शू आणि ड्रम यांतले अंतर वाढते आणि लिव्हर जास्त वर येतो. म्हणजे दोष बहुधा चाकात असतो, दिसतो मात्र हातात. नुसती केबल आवळली, तर ड्रममधला दांडा कायम अर्धवट ओढलेला राहतो. ज्या गाडीत अंतर आपोआप जुळवणारी यंत्रणा असते, तिथे तीही नीट चालत नाही. शू घासत राहतात, ड्रम तापतो, आणि झिजलेले लायनर झिजलेलेच राहतात.

कामाचा क्रम असा :

१. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळ्यांची उटी लावा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक पूर्ण सोडा. मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जायचे नाही, माझ्या सांगण्यावरूनसुद्धा नाही.

२. मागची चाके हाताने फिरवा. एखादे जड फिरत असेल, तर शू चिकटले आहेत किंवा केबल आवरणात गंजून अडकली आहे.

३. ड्रम काढा. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा, नाकावर मास्क ठेवा. लायनरची जाडी गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. तेलाचा किंवा ब्रेक ऑइलचा ओलावा दिसला, तर गळती थांबवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. ड्रम बसवून शू जुळवा. हाताने जुळवायचा अ‍ॅडजस्टर असेल, तर चाक अडेपर्यंत आवळा, मग चाक मोकळे फिरेपर्यंत थोडा सैल करा. आपोआप जुळणारी यंत्रणा असेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ब्रेकचे पेडल बऱ्याच वेळा दाबा.

५. आता केबल. लॉकनट सैल करून जुळवणीचा नट एका वेळी अर्धाच फेरा फिरवा आणि दर वेळी लिव्हर ओढून पाहा. पुस्तिकेतल्या टकटकींच्या संख्येला दोन्ही चाके सारखीच अडली पाहिजेत. एक आधी आणि दुसरे नंतर अडत असेल, तर त्या बाजूची केबल किंवा शू पुन्हा तपासा.

६. लिव्हर सोडा. दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत. न फिरल्यास केबल जास्त आवळली गेली आहे. सगळे ठीक असेल तर लॉकनट घट्ट करा.

आपल्या गाडीत उजव्या चाकाचे लायनर झिजलेले निघाले. दोन्ही बाजूंचे शू बदलून जुळवल्यावर, केबलला हात लावण्याआधीच, अकराच्या आठ टकटकी झाल्या. नटाच्या तीन अर्ध्या फेऱ्यांनी त्या सहावर आल्या. सगळे काम केबलवरच भागवले असते, तर तो लायनर कोणाच्या नजरेलाच पडला नसता.

शेवटची चाचणी मोकळ्या उतारावर घ्यायची. खाली कोणी उभे नको. प्रशिक्षक आसनावर बसून, पाय पेडलवर ठेवून, न्यूट्रलमध्ये हँडब्रेक ओढतो आणि पाय हळूहळू उचलतो. एकदा तोंड चढाकडे करून आणि एकदा उताराकडे करून.

सेनेच्या जुन्या गाड्यांत रस असलेल्यांसाठी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर काम करतो. अशा गाडीचे एक मागचे चाक जॅकने उचलले, तर डिफरन्शिअलमुळे ते चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक पुढे सरकते. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी निसटते. म्हणून उटी हवीच.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीत पाल्य घरी आला की त्याला घरच्या गाडीच्या टकटकी मोजून एका वहीत तारखेसह लिहायला सांगा. आकडा वाढत असेल, तर मेकॅनिकला “केबल आवळ” न म्हणता “ड्रम उघडून दाखव” म्हणा. उतारावर उभी करताना हँडब्रेकबरोबर गिअरही टाका : तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. आणि पावसाळ्यात गाडी कित्येक आठवडे उभी राहणार असेल, तर ती सपाट जागी गिअरमध्ये ठेवून उटी लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. नाहीतर शू गंजून ड्रमला चिकटतात.