संगणक वाचत नाही त्या ओळींतलं स्पेलिंग

प्रश्न: मुलगा अभियांत्रिकीला आहे. लिनक्समध्ये त्याची दुरुस्ती स्वीकारली म्हणून भलताच खूश होता. पाहिलं तर एका कॉमेंटमधल्या शब्दाची दोन अक्षरं बदललेली! कॉमेंट संगणक वाचतच नाही म्हणे. मग याला काम म्हणायचं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: म्हणायचं, पण पेढे वाटण्याइतकं नाही.

कंपायलर कॉमेंट सोडून देतो, हे खरं. त्या ओळी पुढच्या प्रोग्रामरसाठी असतात, आणि तो त्या वाचण्यापेक्षा शोधतो जास्त. 'रिसीव्ह' शब्द टाकून सर्च केला आणि एके ठिकाणी त्यातल्या ई-आयची अदलाबदल झालेली असली, तर ती जागा त्याला सापडत नाही. शिवाय नवा ड्रायव्हर लिहिताना जुन्याची फाइल समोर घ्यायची रीतच आहे; तिच्यातल्या चुकाही मग नव्या फाइलीत येतात.

म्हणून लिनक्स कर्नलमध्ये नेहमीच्या चुकांची एक यादीच ठेवली आहे. चुकीचा शब्द, दोन उभ्या रेघा, बरोबर शब्द, अशा हजाराहून जास्त जोड्या. मूळ यादी डेबियन या लिनक्स-वितरणाच्या लिंटियन या तपासणी-प्रोग्राममधून घेतलेली. पॅच, म्हणजे दुरुस्ती, पाठवण्याआधी चेकपॅच ही स्क्रिप्ट ती यादी लावून बघते. कोडस्पेल हे साधनही असंच चालतं. नेहमीचा स्पेलचेकर इथे कुचकामी, कारण कोडमधली निम्मी नावं त्याला चुकीचीच वाटणार. त्यापेक्षा माहीत असलेल्या चुका तेवढ्या पकडायच्या आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही.

तरी काही जाणते अशा पॅचवर कुरकुरतात, आणि ते उगाच नाही. ही ओळ शेवटी कोणी बदलली, हे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला विचारलं की मूळ लेखकाऐवजी स्पेलिंगवाल्याचं नाव पुढे येतं. २०१९च्या गिट २.२३पासून असे बदल वगळता येतात, पण त्यांची यादी कोणीतरी सांभाळावी लागते. जुन्या आवृत्तीला दुरुस्ती लावतानाही आजूबाजूच्या ओळी जुळेनाशा होतात.

कॉमेंटमधली चूक निदान सुधारता तरी येते. तीच नावात शिरली की संपलं. ब्राउझर आधीचं पान कुठलं ते सर्व्हरला कळवतो, त्या 'रेफरर' हेडरच्या स्पेलिंगमध्ये चार आर हवेत, आहेत तीन. १९९६च्या आरएफसी १९४५ या वेबच्या नियमांच्या दस्तऐवजात ते तसंच छापलं गेलं, आणि आता सगळं जग ते चुकीचंच लिहितं. युनिक्समध्ये फाइल तयार करणाऱ्या 'क्रिएट' कॉलचा शेवटचा ई असाच गायब आहे.

मुलाला सांगा, आता त्याच फाइलीतल्या कॉमेंट खालच्या कोडशी जुळतात का ते बघ. कॉमेंट म्हणते पाच मिलिसेकंद थांबा आणि कोड थांबतो पन्नास, अशी गफलत कोडस्पेलला दिसत नाही. सापडलीच, तर ती वेगळ्या पॅचमध्ये पाठवायची. स्पेलिंगच्या पॅचमध्ये घुसडली तर दोन्ही परत येतील.