ऋतुचक्र आणि मृत्युदर

एका वर्षात दर हजार लोकसंख्येमागे होणाऱ्या मृत्यूंची संख्या म्हणजे ढोबळ मृत्युदर होय. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली भारतात हा दर ६.० होता. मात्र वार्षिक सरासरीत एक महत्त्वाची बाब झाकली जाते. मृत्यू वर्षभर समप्रमाणात होत नाहीत. ऋतुमानाप्रमाणे त्यांची संख्या व कारणे बदलतात.

हिवाळा

थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. परिणामी हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. उत्तर भारतात याच काळात तापमानाच्या व्युत्क्रमणामुळे धूर व धूलिकण जमिनीलगत साचतात आणि श्वसनविकार बळावतात. देशव्यापी मृत्यू-सर्वेक्षणावर आधारित व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१५ साली ३० ते ६९ या वयोगटातील पक्षाघात, हृदयविकार व श्वसनविकारांचे सुमारे १.९७ लाख मृत्यू मध्यम थंडीशी निगडित होते. कडाक्याच्या थंडीशी वा तीव्र उष्णतेशी निगडित मृत्यूंपेक्षा ही संख्या कितीतरी पटींनी अधिक होती.

उन्हाळा

मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक वाढल्यास भारतीय हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. उष्णतेचे बळी मोजणे मात्र कठीण असते, कारण अशा अनेक मृत्यूंची नोंद हृदयविकार वा अन्य व्याधींच्या नावे होते. त्यामुळे 'अतिरिक्त मृत्यू' ही संकल्पना उपयोगी ठरते. अपेक्षित संख्येपेक्षा प्रत्यक्षात जितके जास्त मृत्यू होतात, त्यांना अतिरिक्त मृत्यू म्हणतात. अहमदाबादमध्ये मे २०१० मध्ये ४,४६२ मृत्यू झाले. २००९ व २०११ च्या मे महिन्यांची सरासरी ३,११८ होती. म्हणजेच १,३४४ मृत्यू, सुमारे ४३ टक्के, अतिरिक्त होते. या अनुभवातूनच २०१३ साली तेथे उष्णता कृती आराखडा लागू झाला. पूर्वसूचना, आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व जनजागृती ही त्याची प्रमुख अंगे होत.

पावसाळा व त्यानंतरचा काळ

दूषित पाण्यामुळे अतिसार, साचलेल्या पाण्यामुळे हिवताप व डेंग्यू आणि भातशेतीत वाढणाऱ्या डासांमुळे जपानी मेंदूज्वर फैलावतो. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात मेंदूज्वराने मोठ्या संख्येने बालके दगावल्यानंतर २००६ पासून बाधित जिल्ह्यांत लसीकरण सुरू करण्यात आले.

आर्थिक बाजू

ऋतू हे मृत्यूचे एकमेव कारण नसते. पंजाबात १९०८ च्या शरद ऋतूत हिवतापाची भीषण साथ आली. तिचा अभ्यास करणारे एस. आर. ख्रिस्तोफर्स यांनी १९११ च्या आपल्या अहवालात अतिवृष्टीबरोबरच धान्याच्या महागाईकडेही लक्ष वेधले. पावसाने डास वाढतात. परंतु उपासमारीने खंगलेल्या शरीरात तोच ताप प्राणघातक ठरतो. आजही पत्र्याच्या घरात राहणारे कुटुंब, दुपारी काम थांबविल्यास मजुरीला मुकणारा बांधकाम मजूर आणि उबदार निवाऱ्याविना रात्र काढणारा वृद्ध यांच्यावरच ऋतुबदलाचा आघात सर्वाधिक होतो. तापमान सर्वांसाठी सारखे असले तरी धोका सारखा नसतो.

नियोजनाची दिशा

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये प्रत्येक मृत्यूची नोंद बंधनकारक आहे. या नोंदी महिनानिहाय व जिल्हानिहाय तत्परतेने उपलब्ध झाल्यास रुग्णालयांतील खाटा, औषधसाठा, रात्रनिवारे व कामाच्या वेळा यांचे नियोजन ऋतूपूर्वीच करता येईल. उष्णतेच्या लाटेइतकेच लक्ष मध्यम थंडीकडेही पुरविणे आवश्यक आहे. तिचे बळी विखुरलेले असल्याने ते सहसा नजरेत भरत नाहीत. ऋतुचक्र बदलता येत नाही. परंतु त्याच्याशी निगडित अनेक मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत, हे अहमदाबादने स्वीकारलेल्या मार्गाचे सार आहे.