बॅराकुडा: गळाला लागला, तरी ताटात नको!

कॅरिबियन समुद्रात प्रवाळखडकांभोवती बॅराकुडा हा चपळ शिकारी मासा आढळतो. तो भक्ष्य नजरेने हेरतो. म्हणून गळाला चकाकणारा पत्रा लावून तो पाण्यातून वेगाने ओढतात. त्याचे तीक्ष्ण दात दोरी कापतात, म्हणून गळाजवळ तार जोडतात. मात्र मोठा बॅराकुडा मिळाला, तरी जाणते मच्छीमार तो खात नाहीत. असे का?

प्रवाळखडकांवरील शेवाळावर गॅम्बिअरडिस्कस हा एकपेशीय जीव वाढतो. १९७९ साली त्याला हे नाव मिळाले. त्याचे विष शेवाळ खाणाऱ्या माशांत व त्यांना खाणाऱ्या बॅराकुडात साठत जाते. ते शिजवून नष्ट होत नाही. चवीने वा वासाने ओळखूही येत नाही. उलट्या, जुलाब, हातापायांना मुंग्या ही या ‘सिग्वाटेरा’ विषबाधेची लक्षणे होत.

आता सांगा: अन्नसाखळीच्या टोकावरील प्राण्यात विष अधिक का साठते?